ठसका

सुनीलने तर्रीची वाटी मिसळीवर उपडी केली, पाव बुडवून मोठा घास घेतला आणि तो शांतपणे चावत राहिला. गल्ल्याजवळ लिंबं चिरणाऱ्या मोहिनीची सुरी थांबली. सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट तिच्या दुकानात येणारा हा माणूस कित्येक वर्षं पहिल्या घासाला ठसकत आला होता. आधी ठसका, मग डोळ्यांत पाणी, मग "काकू, पाणी!" असा त्याचा रोजचा पाढा होता. आज त्याने नुसता पापड मोडला.

"काकू, तर्री आजारी आहे का?"

"का रे?"

"रंग लालभडक आहे, पण जीव नाय. आमच्या धाकटीला चालेल अशी लागली."

बाकावरची माणसं हसली. मोहिनीही हसली, पण तिचं लक्ष पाण्याच्या जगांकडे गेलं. दुकान उघडताना हाताखालच्या सुलाबाईने भरून ठेवलेले जग अजून तसेच काठोकाठ होते. एरवी ते भरता भरता सुलाबाई सगळ्या गिऱ्हाइकांचा उद्धार करायची. आज ती निवांत भिंतीला टेकून बसली होती. मोहिनीला आठवलं, कालही ती अशीच बसली होती.

मोहिनीचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट खटकली की तिचा छडा लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शेजारच्या बंद गाळ्यातून वास येत होता तेव्हा साऱ्या गल्लीने नाकाला पदर लावले, हिने मात्र भिंतीला नाक लावलं आणि मेलेली घूस कुठल्या कोपऱ्यात आहे ते बोटाने दाखवलं होतं. तर्रीचा जीव कुठे गेला, हे तर तिच्या स्वतःच्या घरचं प्रकरण होतं.

पहिला संशय अर्थातच मिरचीवर. दुपारी ती बाजारात मिरचीवाल्या लताबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"लताबाई, या खेपेला लवंगी म्हणून काय दिलंस गं मला? गवत?"

लताबाईने वाद घातला नाही. तिने ढिगातली एक मिरची उचलून मोहिनीच्या हातावर ठेवली.

"चावून बघ. मग भांड."

मोहिनीने चावली. क्षणभर काही झालं नाही आणि मग तिच्या कानांतून धूर निघायचा तेवढा बाकी राहिला. लताबाईने गुळाचा खडा पुढे केला आणि, हाताशी सापडलीच आहे तर, मागची पुढची सगळी उणीदुणी काढून घेतली. मोहिनीने ती मुकाट्याने ऐकली, कारण बोलायला जीभच जागेवर नव्हती. मग ती मसाला कांडून देणाऱ्याकडे गेली आणि डबा भरेपर्यंत तिथून हलली नाही. तिथेही सगळं चोख होतं. म्हणजे चोर घरातच होता.

घरात चवीचा मान तिच्या नवऱ्याचा, धनराजचा. हा रिवाज तिच्या सासऱ्यांपासूनचा. नांदगावाकडून येऊन त्यांनी सातपुरात मिसळीची गाडी लावली, तेव्हापासून तर्रीची पहिली वाटी खंडोबाच्या तसबिरीपुढे जाई. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी जिभेला लावायचं नाही. नंतर घरचा कर्ता माणूस पळीभर तर्री तळहातावर घेऊन चाखायचा आणि "होऊ दे" म्हणाला की दुकान सुरू. मोहिनी इतकी वर्षं तर्री करत आली ती नुसत्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर. चाखायची तिला कधी वेळच आली नाही. दुपारी गर्दी ओसरली की ती दहीभात खायची. हलवायाच्या घरी पेढे कोण खातं!

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फळीवरचे डबे पुसायच्या निमित्ताने धनराजच्या पाठीशी उभी राहिली. त्याने नैवेद्य दाखवला, हात जोडले, तळहातावर तर्री घेतली आणि चाटली. त्याचा चेहरा पिळवटला. त्याने घाईघाईने पाण्याची चूळ तोंडात धरली, डोळे मिटून घेतले आणि मग शेगडीवरचं गरम पाणी तांब्या तांब्याने पातेल्यात ओतायला सुरुवात केली. वर कांदा-खोबऱ्याचं वाटणही घातलं, पुन्हा चाखलं आणि पुन्हा तोंड वाकडं केलं.

"अहो, हे काय करताय?"

"लय जाळ झालाय. तिखटाला हात आवर जरा. लोकं तोंड पोळून मरतील."

मोहिनीने पळीच्या टोकाला बोट लावलं आणि चाखलं. तर्री गुळमट होती, वरणाच्या जवळची.

"ही तिखट लागली तुम्हाला?"

"तुझी जीभ मेलीय."

"माझी मेलीय, का तुमची लाडावलीय?"

धनराज हसला, सुलाबाई हसली आणि दुकान उघडलं. चोर सापडला होता. दुसरी एखादी बाई इथे थांबली असती. मोहिनीला मात्र आता नवीनच प्रश्न पडला. ज्या माणसाने लग्नातल्या पंगतीत पैजेवर ठेचा खाल्ला होता, त्याला हे पाणी तिखट लागतं कसं?

ती त्याच्याकडे पाहू लागली. संसाराला इतकी वर्षं झाली की बायको नवऱ्याकडे पाहत नाही, तो तिथे असल्याचं फक्त तिला माहीत असतं. आता ती दुसऱ्याच्या नवऱ्याकडे पाहावं तशी चोरून पाहू लागली. तो पावाचे अगदी चिमणीला टाकतात तेवढे तुकडे करत होता. भाकरी दुधात भिजवून खात होता आणि विचारलं की "पित्त" म्हणत होता. भाचीच्या साखरपुड्यात त्याने पाणीपुरीची प्लेट तशीच परत दिली होती, ते तिला आता आठवलं. आणि त्याची जांभई! पूर्वी धनराजने जांभई दिली की तोंडात आख्खा बटाटेवडा बसला असता, वर आवाज असा की गल्लीतली कुत्री उठायची. आता त्याची जांभई अर्ध्यावरच अडत होती. डाव्या गालातला माव्याचा फुगवटा मात्र नेहमीसारखा होता. सुपारी, तंबाखू आणि चुन्याची ती पुडी दिवसभर तिथे असायची. मोहिनी तो फुगवटा त्याच्या चेहऱ्याचाच भाग धरून चालली होती.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर मालिनी राहायच्या. दर्शनी खोलीत त्यांचा दातांचा दवाखाना आणि मागे घर. रविवारी त्या मिसळ खायला खाली यायच्या. त्यांच्यासमोर ताट ठेवून मोहिनी बाकावर बसली.

"मॅडम, एक विचारू? वय झालं की माणसाला तिखट जास्त लागायला लागतं का हो?"

"तसं काही नसतं. कुणाला लागतंय?"

"आमच्या ह्यांना."

मालिनीताईंचा चमचा ताटात राहिला.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आसपास ते ठेचा नको म्हणाले. तेव्हापासून असेल."

"मावा खातात ना ते? तोंड पूर्वीइतकं उघडतं का?"

मोहिनीने जांभईचं सांगितलं. वड्याचं उदाहरणही दिलं. मालिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला.

"मोहिनीताई, घाबरवायचं नाहीये मला. तिखट सोसवेनासं होणं, तोंड कमी उघडणं, गालात पांढरा चट्टा, भरून न येणारी जखम, अशा खुणा दुर्लक्ष करण्यासारख्या नसतात. कॅन्सरच असेल असं मुळीच नाही. त्याच्या आधीची पायरी असू शकते किंवा साधं दुसरंच काही. पण आत डोकावून बघायला हवं, आणि लवकर. लवकर कळलं तर आपल्या हातात पुष्कळ असतं."

त्यांनी आपली तीन बोटं जुळवून तोंडासमोर उभी धरली.

"त्यांची स्वतःची तीन बोटं अशी उभी आत जातात का, घरी बघा. नाही गेली तर लगेच वर आणा. गेली तरी आणा."

मोहिनी ताट उचलून आत गेली आणि मोरीपाशी उभी राहिली. इतके दिवस तिला उत्तर हवं होतं, उत्तराच्या मागे धावण्यात मजाही होती. आता पहिल्यांदाच तिला वाटलं, की नको मिळू दे उत्तर. तिला भीती वाटत होती. मेलेल्या घुशीसारखं भिंतीवरून बोट दाखवून यातून मोकळं होता येणार नव्हतं.

दुपारी तिने धनराजला सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्दही गाळला नाही.

"दातवाल्या डॉक्टरला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. "आणि माझे दात लोखंडाचे हायेत."

"दातांचं नाय हो. तीन बोटं घालून दाखवा फक्त."

"मी काय नंदीबैल हाय? तू म्हणशील तशी मान हलवू?"

तो उठून फरसाणाचे डबे उघडू-मिटू लागला. त्यांच्यात काही कमी नव्हतं. मोहिनी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. त्याने नुसती थट्टा केली असती तर ती रागावली असती, पण तो तीच तीच झाकणं पुन्हा पुन्हा लावत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. पूर्ण नसेल, पण ठाऊक होतं.

तिने विषय सोडला. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. हा माणूस बायकोचं ऐकणार नाही, डॉक्टरचं ऐकणार नाही, देवाचंसुद्धा सोयीपुरतंच ऐकेल. ऐकतो तो फक्त गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक बोललं की ते खरं, हेही त्याला वडिलांनीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने तर्री केली. वासाला तीच, रंगाला तीच. धनराजने नैवेद्य दाखवला, तळहातावर तर्री घेतली आणि चाटताच हात झटकला.

"आग लावलीस आज! एवढं सांगितलं तरी?"

तो गरम पाण्याकडे वळेपर्यंत मोहिनीने पातेल्यावर झाकण ठेवून वर हात दाबला होता.

"आज पाणी घालायचं नाय. अशीच वाढू."

"लोकं पाव फेकून मारतील मला."

"मारू देत. तुम्ही इथं उभं राहा आणि बघा."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. धनराजने दुकान उघडलं आणि पाण्याचे दोन जग हातात घेऊन, पाहुण्यांना आग्रह करायला उभं राहावं तसा बाकांपाशी उभा राहिला. रात्रपाळीची माणसं आली. सुनील आला. ताटं वाढली गेली. सुनीलने वाटी उपडी केली आणि मोठा घास घेतला. धनराज जग पुढे करून वाट पाहू लागला.

कुणीच ठसकलं नाही.

"काका, आज काय वरण केलंय का?" सुनील म्हणाला. "मिरच्या तरी द्या तळून."

"मला पण," पलीकडच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं.

धनराज जग धरून तसाच उभा होता. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं मोठी उघडत होती, मोठे घास घेत होती. मग तो आत आला. मोहिनी शेगडीपाशी होती.

"लवंगी किती घातली होती?"

"एकही नाय."

"म्हणजे?"

"घातलीच नाय. नुसती ब्याडगी, रंगापुरती."

धनराजने जग खाली ठेवले. तो तसबिरीकडे तोंड आणि दुकानाकडे पाठ करून उभा राहिला. मोहिनीला त्याचं कोपर वर जाताना दिसलं. बोटं दिसली नाहीत. कोपर थोडा वेळ वर राहिलं, जरा हललं, मग खाली आलं. त्याने हात खांद्यावरच्या पंच्याला पुसला. तोच हात सवयीने खिशातल्या पुडीकडे गेला, खिशावर थांबला आणि रिकामाच परत आला.

मग त्याने पळी उचलून मोहिनीसमोर धरली.

"चव तू घे."

माझी जीभ मेलीय ना, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि तर्रीत तर तिखट मुळीच नव्हतं. तिने तळहातावर तर्री घेतली, चाखली, कढईत तेल तापवलं आणि लवंगीचं तिखट मूठभर त्यात सोडून ती फोडणी पातेल्यात ओतली. साऱ्या दुकानात मिरचीची खाट उठली.

पुन्हा चाखून ती म्हणाली, "होऊ दे."

"मॅडम उठल्या असतील?" धनराजने विचारलं.

"उठल्यात. खिडकी उघडी हाय."

सुलाबाईला पळी देऊन दोघं जिना चढले. मालिनीताई म्हणाल्या, "बसा, हात धुऊन आलेच." बाकड्यावर दोघं जवळजवळ बसले. धनराज भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होता.

"काय करतील?"

"बघतील."

"नुसतं बघतील?"

"आधी बघतील. मग पुढचं पुढं. मी हाय ना."

खालून एक ठसका आला. मोठा, घशाच्या तळापासून आलेला. त्यामागे बाक सरकल्याचा आवाज, मग दुसरा ठसका, आणि सुलाबाईचा गिऱ्हाइकांच्या नावाने सुरू झालेला उद्धार. धनराजने कान टवकारले.

"सुनील हाय," तो म्हणाला. "दुसरी प्लेट घेतली वाटतं गड्यानं."

मोहिनीला हसू आलं. त्यालाही आलं.

दार उघडून मालिनीताईंनी हाक मारली. धनराज उठला, आत जाऊन खुर्चीत बसला आणि त्यांनी सांगायच्या आधीच, उघडलं तेवढं तोंड उघडलं.