सावलीची ओळख

“नाही उघडणार! मेले तरी नाही उघडणार!” पोरीनं दोन्ही हात डोळ्यांकडे नेले, तसे मी ते वरच्यावर पकडले.

“अगं भवाने, चोळू नकोस! कालच ऑपरेशन झालंय!”

नुकतीच पट्टी काढली होती. एकदाच तिनं डोळा उघडला, किंचाळली, आणि मिटला तो मिटलाच. तिची आजी “मी आहे गं, बघ तरी” म्हणून म्हणून रडकुंडीला आली.

“दुसरा डोळा उद्या करायचाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण हा नीट तपासता आला तरच. परवा आमची गाडी पुढच्या गावाला. मावशी, बघा जरा.” आणि गेल्या पुढच्या खाटेकडे.

मावशी म्हणजे मी, या गावोगाव फिरणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या वॉर्डातली आया. ऑपरेशन, औषधं, चष्मे, सगळं इथं फुकट. मुलांची भीती घालवायचं खातं तेवढं माझ्याकडे. जन्मापासून मोतीबिंदू असलेली ही मुलं पट्टी सुटल्यावर कशाला भितात, सांगून कुणाला खरं वाटत नाही. सुईला नाही, डॉक्टरला नाही. सावलीला! जमिनीवर काळं काहीतरी पडलेलं, आणि माणूस हललं की तेही हलतं. आपल्याला सवय झाली म्हणून, नाहीतर आपणही बोंब ठोकली असती. म्हणून मी प्रत्येकाची आधी सावलीशी ओळख करून देते.

“माझ्या पायाशी काळं काहीतरी दिसलं ना?”

मिटल्या डोळ्यांनीच तिनं मान डोलावली.

“ती सावली. उजेड अडला की पडते. तिला दात नाहीत, नखं नाहीत, डोळेसुद्धा नाहीत. तुला ती बघूच शकत नाही, मग भ्यायचं कशाला? मी हात वर केला की तीही करणार. माझी नक्कल करण्यावाचून तिला दुसरा धंदा नाही.”

पोरगी फिसकन हसली. डोळा किलकिला झाला. खिडकीतून सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. मी हात वर केले, मग कान धरून चक्क उठाबशा काढल्या. आजीही हसायला लागली.

“कळलं,” पोरगी म्हणाली. “मोठी तुझी नक्कल करते. मग ती लहान का नाही करत?”

“कुठली लहान?”

“तुझ्या मागची. हातच वर करत नाही. तुझा एप्रन धरून उभीये.”

मी वळून पाहिलं. फरशीवर माझी एकटीची सावली होती. आजी खाटेच्या पलीकडे बसलेली. माझ्या मागे भिंतीपर्यंत कुणी नव्हतं.

माझी मुलगीही अशाच डोळ्यांची जन्मली होती. तेव्हा असली संस्था इकडे फिरकलीही नव्हती. माझ्या कपड्याचं टोक धरून ती घरभर फिरायची. मी पुढे, “उंबरा आहे गं, पाय उचल,” म्हणत. एका तापात गेली. मला एकदाही न बघता गेली, ते मनातून जात नाही. वॉर्डात मी हे कधी कुणाजवळ बोलले नव्हते.

डॉक्टरीणबाई परत आल्या. त्यांनी विजेरी इकडून तिकडे फिरवली. पोरीचा डोळा उजेडामागोमाग गेला.

“शाब्बास! उद्या दुसरा करून टाकू.”

आजीनं पोरीला उराशी धरलं. मला खूप बरं वाटलं, पण जागचं हलवेना. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी खाटेशी वाकले. विचारू नये ते विचारलंच.

“बाळा, ती लहान... माझ्याकडे बघतेय का गं?”

पोरगी खुदकन हसली. “मावशी, विसरलीस? तूच म्हणालीस ना, सावलीला डोळे नसतात.”

“हो की. विसरलेच बघ.”

तिच्या डोळ्यात थेंब घातले, ट्रे उचलला आणि निघाले. दारापाशी थांबले.

“उंबरा आहे गं, पाय उचल,” म्हणाले, आणि एप्रनला हिसका बसू नये म्हणून अगदी सावकाश बाहेर पडले.