माझ्यातला राखीव कोपरा

मित्रांनो, मी एक जुना बॅकअप सर्व्हर आहे. पंख्यांची घरघर सोडली, तर कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओत, मागच्या थंड खोलीत मी राहतो.

माझं काम सोपं. स्टुडिओतली सगळी वाचनं रोज माझ्याकडे येतात. कालचाच तुकडा आज पुन्हा आला, तर मी तो दुसऱ्यांदा ठेवत नाही; ‘हा आहे माझ्याकडे’ अशी नुसती खूण करतो. म्हणून तर एवढ्याशा पोटात एवढं मावतं! नवा होतो तेव्हा मालक पाहुण्यांना आणून माझं कौतुक करायचे. पुढे माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. असो.

माझा एक कोपरा मात्र राखीव होता. नुसतं पुसून तुकडे जात नाहीत; ते खरोखर बाहेर काढायला, आवराआवर करायला मला तेवढी मोकळी जागा लागते. खच्चून भरलेल्या खोलीत झाडू तरी कसा फिरवणार?

एकदा नवी पुस्तकं भराभर आली. मालक म्हणाले, “ताई, हा कोपरा उगाच ओस पडलाय. भरून टाकू.”

माझी देखभाल करणारी ताई आधी नको म्हणाली, मग घाईगर्दीत तिनंही मान डोलावली. मी गळ्यापर्यंत भरलो. नवं वाचन आत घेता येईना. मालकांचं धाबं दणाणलं. ते जुन्या प्रती पुसत सुटले. जागा तसूभरही वाढेना. शेवटी त्यांची नजर काकांच्या गोष्टींवर गेली.

काका इथले सर्वांत जुने वाचक. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज कायमचा गेला. त्यांच्या गोष्टी बाकीच्या संगणकांवरून कधीच काढल्या होत्या. आता त्या फक्त माझ्यात होत्या. तरी काका दुपारी काकूंना घेऊन येत आणि पलीकडच्या नव्या वाचकांना ऐकत माझ्याच खोलीतल्या बाकावर बसत.

मालकांनी खाली मान घालून त्यांनाच विचारलं. काकांनी हसून हात हलवला. पुसा, पुसा. काकू उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो काका, गप्प बसा तुम्ही!” ताई ओरडली आणि तिनं जीभ चावली. मग काकाच खांदे गदागदा हलवत हसले, आवाजाविना.

“मालक, पुसून काही होणार नाही,” ताई म्हणाली. “त्याला आवरायलाच जागा उरलेली नाही. काकांच्या गोष्टी हकनाक जातील आणि हा तुंबलेला तो तुंबलेलाच राहील. कोपरा भरायचं ठरलं, तेव्हा मीच ठाम राहायला हवं होतं.”

तिनं एक जादाची डिस्क आणून मला जोडली. थोडं सामान तिकडे सरकलं, कोपरा मोकळा झाला आणि मी आवरायला लागलो. अहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सगळं सुरळीत झाल्यावर ताईनं काकांची एक गोष्ट लावली.

“या रे बाळांनो, जवळ या,” काकांचा आवाज खोलीभर घुमला.

काकूंनी डोळे पुसले. “जगातल्या सगळ्या पोरांना जवळ बोलावलं,” त्या म्हणाल्या, “मला मेलीला कधी एकदाही म्हणाले नाहीत!”

काका बाकावर जरासे सरकले. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हळूच थोपटलं.

मित्रांनो, कुठे एखादा रिकामा कोपरा दिसला, तर तो लगेच भरू नका. कुणाला तरी तिथे येऊन बसायचं असतं.