गिअरच्या हाताची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे, आणि तिरकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज नको. मी डावीकडे कलते. पण ‘बिचारी’ म्हणून कुणी माझी कीव केलेली मला मुळीच खपत नाही. मला उसवायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं राहू द्या, मी अजून उभी आहे!

माझा जन्म एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे दर रविवारी सकाळी हस्तकलेचा वर्ग भरायचा. कुणी मातीची भांडी करत बसे, कुणी सुतळीच्या पिशव्या विणे आणि खिडकीखालच्या लांब टेबलावर वेतकाम चाले. सगळे हौशी लोक. पोटासाठी तिथे कुणीच विणत नव्हतं, त्यामुळे हसणं-खिदळणं भरपूर आणि काम बेताचं.

मला विणलं ते ड्रायव्हरकाकांनी. अख्खी नोकरी त्यांनी शहरातली बस चालवली. निवृत्त झाल्यावर दिवसभर खिडकीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरच्या चुका काढायचे. काकूंच्या अगदी नाकी नऊ आले. “अहो, हातांना काहीतरी काम द्या, नाहीतर मी तरी त्या बसमध्ये बसून निघून जाते!” त्यांनी बजावलं. म्हणून काका वर्गात आले आणि बघता बघता तिथे रमले. रविवार आला की नोकरीवर निघाल्यासारखे भांग पाडून, कडक शर्ट घालून निघायचे.

वेत आधी पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर वाकवताना कडकन मोडतो. काकांनी माझा वेत बादलीत भिजवला, बूड बांधलं, उभ्या काड्या वर वळवल्या आणि आडवा वेत एकदा पुढून, एकदा मागून असा विणायला घेतला. घोळ झाला तो इथेच. विणताना टोपली सारखी फिरवत राहायची असते. काकांनी मला गुडघ्यांत गच्च धरलं ते धरलंच. त्यात त्यांचा डावा हात म्हणजे गिअरचा हात! जुन्या गाड्यांचे ताठर गिअर ओढून ओढून तो असा तयार झाला होता की वेत डावीकडे आला की काका खच्चून ओढायचे. उजवा हात मात्र स्टिअरिंगवर ठेवावा तसा हलका. माझ्या डावीकडच्या ओळी दबून बसल्या, उजवीकडच्या उंच राहिल्या. शिकवणाऱ्या बाई “काका, टोपली फिरवा” म्हणून थकल्या.

मी पुरी झाले आणि बाईंनी कात्री पुढे केली. त्यांच्या वर्गाचा नियमच होता, पहिली टोपली घरी न्यायची नाही. ती उसवायची, वेत पुन्हा भिजवायचा आणि त्यातूनच दुसरी विणायची. पहिलीचा मोह सुटल्याशिवाय हात सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्गातल्या दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा मुकाट्याने आपली उसवली होती.

काका म्हणाले, “मी नाही उसवणार.”

“मग पुढच्या रविवारपासून येऊ नका,” बाई म्हणाल्या. त्याही काही कमी नव्हत्या.

काकांचा चेहरा पडला. वर्ग गेला म्हणजे परत ती खिडकी आणि परत त्या बसगाड्या. पण मला सोडणंही त्यांच्या जिवावर आलं. शेवटी त्यांनी एक आठवड्याची मुदत मागितली आणि मला घरी नेलं.

काकू मला बघून पोट धरून हसल्या. “विणता येईना, वेत वाकडा! अहो, ही वळणावर विणलीत का?” मला असा राग आला म्हणून सांगू! रविवारी काकांनी पिशवीत घरातले कांदे भरले आणि मला घेऊन वर्गात गेले.

“भरून उभी राहिली तर माझी,” ते बाईंना म्हणाले. “पडली तर कात्री तुमची.”

आणि त्यांनी घाईघाईत सगळे कांदे माझ्यात ओतले. मी धाडकन डावीकडे आडवी! कांदे टेबलाखाली, बादलीखाली, डॉक्टरांच्या बुटांपर्यंत घरंगळले. सगळा वर्ग हसला. बाईंनी कात्री उचलली. मित्रांनो, मला वाटलं, संपलं आपलं.

“थांबा,” काका म्हणाले. ते गुडघ्यांवर बसून कांदे गोळा करू लागले. “सगळे प्रवासी एका दाराला लोंबकळले तर गाडी कलणारच, बाई. म्हणून कुणी गाडी भंगारात काढतं का? प्रवाशांना आत सरकायला सांगतात.” मग मोठे कांदे वेचून त्यांनी आधी माझ्या उजव्या कुशीत एकेक करून बसवले. “चला, आत सरका! आत सरका!” बारके मागून डावीकडे. हात काढला. मी उभी राहिले!

बाई वाकून माझ्याकडे बघत राहिल्या. “रिकामी झाली की पडेल हो, काका.”

“मग रिकामी ठेवायचीच नाही.”

बाईंनी कात्री खणात टाकली आणि बाकीच्यांवर डोळे वटारले, “तुम्ही हे शिकू नका!”

त्यानंतर काकांनी पुष्कळ सरळ टोपल्या विणल्या. नातेवाइकांनी त्यांची तोंडभर स्तुती केली आणि नेऊन शोकेसमध्ये ठेवल्या, धूळ खात. स्वयंपाकघरात ओट्याखाली रोज राबले ती मी. काकू मला ‘तुमची वाकडी’ म्हणायच्या, पण त्यांनी मला कधी रिकामं ठेवलं नाही.

मग काका गेले. एकटीसाठी कोण कांदे भरून ठेवणार? काकू चहात पाव बुडवून खायच्या आणि खिडकीत बसायच्या. मी रिकामी झाले, कलंडले आणि तशीच पडून राहिले. वाईट दिवस होते ते.

एक दिवस मुलगी आली, आईचं घर आवरायला. सोबत चाकांचा प्लास्टिकचा रॅक. “आई, ही मोडकी टोपली टाकते गं.” मोडकी? अहो, माझी एक काडी मोडलेली नव्हती! पण माझं ऐकतं कोण? तिने मला दाराबाहेर रद्दीवर ठेवलं.

काकू खिडकीतून उठल्या. मला उचलून आत आणलं.

“अगं आई, उभीसुद्धा राहत नाही ती!”

“रिकामं ठेवलं तर कोण उभं राहील?” काकू कडाडल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. मुलीने बाजारातून आणलेली पिशवी त्यांनी ओढली, जमिनीवर बसल्या आणि त्यातले मोठे कांदे माझ्या उजव्या कुशीत ठेवू लागल्या. काका कसं करायचे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या नुसत्या बघत आल्या होत्या. “सरका,” त्या पुटपुटल्या, “आत सरका.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “आज भाजी मी करते. चिरायला बस.”

तर मित्रांनो, मला जपून शोकेसमध्ये ठेवू नका. मला काम द्या. आणि तुमच्या हातची पहिली वस्तू वाकडी झाली, कुणी कात्री पुढे केली, तर आधी ती भरून बघा. पडली तर पुन्हा भरा. मी अजून ओट्याखालीच आहे, तिरकी आणि काठोकाठ भरलेली.