फोटोतली आई

"ही आई नाय," प्रेमाने स्पष्ट सांगितलं आणि ती पावलीनच्या मागे जाऊन उभी राहिली.

अंधेरीतल्या मिशनच्या बालगृहात, सिस्टर बेनेडिक्टांच्या खोलीत तेव्हा चार मोठी माणसं होती. मुलुंडहून आलेले श्यामसुंदर आणि पद्मजा, लग्नाला अकरा वर्षं झालेले, हातात नवी बाहुली. शिवाय सिस्टर. या तिघांचे चेहरे उतरले. चौथी होती पावलीन. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

पावलीन मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातली बाई, बावन्न वर्षांची. नवरा इनास कारखान्यात फिटर, पोटी मूल नाही. बालगृहातल्या मुलांना कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायचं, हे काम ती नऊ वर्षं करत होती. मूल घरात वाढावं, ओळीने मांडलेल्या खाटांवर नव्हे, हे सिस्टरांचं मत होतं आणि त्यापायी त्यांनी सरकारी कमिटीलाही सळो की पळो करून सोडलं होतं. पावलीनचा स्वतःचा नियम एकच. कुठल्याही मुलाने तिला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. आई हा शब्द दत्तक न्यायला येणारीसाठी राखून ठेवायचा. येणारीचा फोटो मिळाला की तो घरच्या आल्तारावर, मोत माउली मरियेच्या तसबिरीशेजारी लागे आणि मूल रोज झोपताना त्याला "आई, गुड नाइट" म्हणे. अशी सहा मुलं आईला ओळखत, हसत गेली. रडायचं काम पावलीनने मोरीत उरकलं.

प्रेमा सातवी. आठ दिवसांची आली होती, आता अडीच वर्षांची झाली होती. तिच्यासाठी लागलेला फोटो पुण्याच्या एका चष्मेवाल्या बाईचा होता. तीन महिने गुड नाइट झालं आणि त्या बाईला दिवस गेले. नवराबायकोने माघार घेतली. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सिस्टरांनी पावलीनला बाजूला घेतलं. फोटो काढून टाक, पोरीला समजाव, शुक्रवारी दुसरं जोडपं येतंय, असं त्यांनी सांगितलं.

पावलीनने फोटो काढला. समजावलं मात्र नाही. पाच दिवस प्रेमा रिकाम्या जागेला गुड नाइट म्हणत राहिली आणि पावलीन ऐकत राहिली. विसरले, असं ती सगळ्यांना सांगू शकली असती. कन्फेशनला फादरांपुढे सांगता आलं नसतं.

मीच ठेवली तर, असं तिने सिस्टरांना एकदा विचारून पाहिलं होतं. सिस्टर रागावल्या नाहीत. ख्रिस्ती माणसाला तेव्हाच्या कायद्याने दत्तक घेता येत नसे, फार तर कोर्ट पालक म्हणून नेमे आणि मूल मोठं झालं की तो कागद संपे, हे त्यांनी नीट समजावलं होतं. "तिला तुझं नाव लागणार नाही, पावलीन. उद्या तुम्ही दोघं नसलात, तर ती पुन्हा कुणाचीच नाही."

आता पद्मजाने बाहुली टेबलावर ठेवली. जबरदस्ती नको, पुढे कधीतरी पुन्हा येऊ, असं ती हळूच म्हणाली. हे 'कधीतरी' सहसा येत नाही, हे सिस्टरांना माहीत होतं. वयाची तीन वर्षं पुरी झाली की प्रेमाला मुलींच्या मोठ्या होस्टेलात जावं लागणार होतं, आणि तिथल्या मुलींना न्यायला फारसं कुणी येत नसे. पावलीनलाही ते ठाऊक होतं. पण तोवर सहा महिने होते. ते मिळवायला तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. एक नमो मरिया म्हणून होईल एवढा वेळ ती गप्प राहिलीही.

मग ती खाली बसली.

"प्रेमा, हिकडं बघ. माझं चुकलं गो. फोटोतली होती ना, ती मावशी. आई ही."

"मावशी तू हाय."

"नाय. मावशी ती. फोटोतली."

प्रेमाने यावर विचार केला. "मंग तू कोण?"

याचा विचार पावलीनने केलेला नव्हता. मावशी हा शब्द तर तिने आत्ताच फोटोतलीला देऊन टाकला होता.

"मी पावलीन," ती म्हणाली.

पुढे तीन आठवडे पद्मजा रोज संध्याकाळी मरोळला येत राहिली. आधी बाहुलीची वेणी घातली, मग प्रेमाची. एक दिवस प्रेमा तिच्या मांडीवरच झोपली. पावलीनने तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि पद्मजाने तो काढू दिला, याचं पावलीनला फार बरं वाटलं.

कोर्टाचा कागद झाला त्या दुपारी गावठाणाच्या तोंडाशी रिक्षा उभी राहिली. प्रेमा मध्ये बसली. तिने बाहेर डोकं काढून हात हलवला. "पावलीन, टाटा."

श्यामसुंदर संकोचला. मोठ्यांना असं नावाने हाक मारायची नसते, हे मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवायला हवं, असं त्याला वाटलं असणार.

"असं नाही म्हणायचं, बाळा. मावशी म्हण."

"ती मावशी नाय," प्रेमा म्हणाली, आणि रिक्षा सुरू झाली.