पेनड्राइव्हवरची अंगाई

लॅपटॉपची डिस्क गेली, आणि त्याच सुमारास वायरमनच्या बायकोच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले. डिस्कवर निदान उपाय तरी निघाला. जावयाने एक पेनड्राइव्ह तयार करून आणला. तो खोचून मशीन सुरू केलं की सगळा कारभार त्याच्यावरूनच चाले.

"पण बाबा, हे धर्मशाळेसारखं आहे हं," जाताना जावई म्हणाला. "बंद केलं की खोली झाडून साफ. मागे काही उरत नाही."

वायरमनने मान डोलावली. जन्मभर तारा ओढलेल्या माणसाला हे काय समजवायचं? करंट जिथून निघतो तिथेच परत येतो. कारभार निघतो पेनड्राइव्हमधून, म्हणजे जे होईल ते फिरून पेनड्राइव्हमध्येच जाणार. साफ होईल ते मशीन.

लेकीचे दिवस भरत आले होते, प्रवासाला मनाई होती. आणि इकडे आईला देवाचं बोलावणं आलेलं. ती एकच गोष्ट धरून बसली होती: तिच्या आईची अंगाई नातवंडाच्या कानी पडावी. ती कुठे लिहिलेली नव्हती. लेक लहान असताना वायरमन संध्याकाळी कुठल्या तरी खांबावर असे, त्यामुळे त्यानेही ती कधी ऐकली नव्हती.

घरातला फोन बटणांचा. म्हणून मग अंगाई रेकॉर्ड करायला लॅपटॉपच तिच्या उशाशी आला.

"अहो, लागलं का?"

"लाल टिकली दिसतेय. म्हण."

ती गाऊ लागली. मध्येच खोकला आला, थांबली. पाहते तर नवरा नाक पडद्याला लावून, आवाजाबरोबर वरखाली होणारी हिरवी रेघ बघतोय.

"जन्मभर मीटर बघितलंत. आता बायको गातेय तर तिथेही मीटरच?"

"नीट चढतंय का बघू दे गं. ऐकायला काय, नंतर निवांत ऐकेन."

ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. शेवटी विचारलं, "पुरलं का?"

"जागा भरपूर आहे."

त्याने ते लेकीच्या लाडक्या नावाने, चिमणी म्हणून, पडद्यावर ठेवलं. मग काम झालं की बटण बंद, या शिस्तीप्रमाणे मशीन नीट बंद केलं. पेनड्राइव्ह मऊ कापडात गुंडाळून देवापुढे ठेवला. आठवड्याभरात ती गेली. एकट्याने ऐकायचा त्याला धीर झाला नाही. चिमणी आली की ऐकू, म्हणाला.

चिमणी आली, कडेवर तान्हं घेऊन. वायरमनने हात जोडून पेनड्राइव्ह उचलला, खोचला. पडदा उजळला. धुतलेल्या पाटीसारखा.

जावई पुढे झाला. इकडे तिकडे शोधलं, मग हळूच विचारलं, "ठेवलं कुठे होतंत?"

"ह्यातच की."

"आणि मशीन बंद केलंत?"

"मग? चालू टाकून उठेन मी?"

जावई खुर्चीपाशी खाली बसला. सासऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "ते चालू होतं तोवरच होतं, बाबा."

तान्हं कुरकुरू लागलं.

"जाऊ दे," डोळे पुसत लेक म्हणाली. "तुम्ही होतात ना तिच्यासमोर. मला पहिली ओळ येते, पुढे मला झोपच लागायची. तुम्ही पुढचं सांगा."

तिने पहिली ओळ म्हटली आणि बापाकडे पाहिलं.

वायरमनने तोंड उघडलं. रेघ कुठे चढली, कुठे पडली, खोकल्याला कशी टोकाला जाऊन आपटली, सगळं डोळ्यांपुढे लख्ख होतं. शब्द एकही नव्हता. त्याने बोट उचललं आणि हवेत वर नेलं, खाली आणलं.

"अशी वर जायची," तो म्हणाला. "मग खाली. मग… मग तिला खोकला आला."

लेक त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने पहिलीच ओळ पुन्हा म्हटली. आणि पुन्हा.

तान्हं काही झोपलं नाही.