गाठीचा राग

चांगदेव भगताने चिंचेचा फोक सपकन ओढला, तशी सगुणाच्या पाठीवर तिसरी रेघ उठली. तिला माडाला बांधलं होतं. डोळे खोबणीतून बाहेर आले होते, हात थरथरत होते, स्वतःच्याच दातांनी ओठ फाटून हनुवटीवर रक्त उतरलं होतं.

"बोल, कोण हायेस तू?"

"तुजं मरण!" ती किंचाळली.

सकाळी कालवण खारट झालं म्हणून तिच्या नवऱ्याने, काळूरामने, तिच्या कानशिलात भडकावली होती. तिने कोयता भिरकावला. तो त्याच्या खांद्याचा लचका तोडून गेला. वर्षभर असंच चाललं होतं. ती दोघांचं जेवायची आणि वाळत जायची. थंडीतही घामाने भिजायची, छातीत सारखं धडधडायचं. गळ्याशी लिंबाएवढी गाठ आली होती. बाहेरचं आहे, हे साऱ्या रेवस गावाला ठाऊक होतं.

तिच्या भावाला, हरेश्वरला, कळलं तसा तो धावत आला. भगताचा फोक हिसकावून त्याने त्याच्याच तोंडावर हाणला, दोरी कापली आणि बहिणीला बोटीने मुंबईला नेलं. ते एकोणीसशे एकतीस साल होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरने गाठ चाचपली.

"भूतबित काही नाही, बाई. या गाठीतून एक रस रक्तात उतरतो. तो फार झाला की काळीज पळत सुटतं, नसा ताणलेल्या राहतात. मग राग आवरत नाही."

"म्हंजे ह्यो राग माजा न्हाय?"

"बराचसा गाठीचा," डॉक्टर हसला.

गाठ कापली. दोन महिन्यांनी सगुणा परतली ती अंगाने भरून, आवाज शांत होऊन. काळूराम खूश होता. आठव्या दिवशी, भर दुपारी, किनाऱ्यावर बोंबील निवडताना तिने त्याला उलट उत्तर दिलं. त्याने सवयीने हात उगारला.

सगुणा उठली. वाळूत पडलेलं वल्हं तिने दोन्ही हातांनी नीट धरलं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज होड्यांपर्यंत गेला.

"भगताला बोलवा!" काळूराम वाळूत लोळत ओरडला. "परत धरलंय तिला!"

बायका धावल्या. मागोमाग चांगदेवही आला. त्याने सगुणाकडे निरखून पाहिलं. तिचा श्वास संथ होता, हात जराही कापत नव्हते. तो दोन पावलं मागे सरला.

"भगत कशाला?" सगुणा म्हणाली. "हाड मोडलंय. हाडवैद्याला बोलवा."

आणि ती बोंबील निवडायला बसली.