वीतभर बाहेर

बायका बारा आणि टेनिसच्या रॅकेटी चार, एवढ्यानं त्यांना शिकवणाऱ्या गिरिजाबाई खचल्या नाहीत. पुण्याला पदार्थविज्ञान शिकताना त्यांनी याहून तुटपुंज्या सामानावर प्रयोग केले होते. जिला रॅकेट मिळणार नाही तिनं घरून कपडे धुण्याचं धोपाटणं आणावं, असं त्यांनी फर्मावलं. मग सात रस्त्याजवळच्या पुरुषांच्या क्लबाच्या मैदानावर रोज संध्याकाळी तासभर असा काही दणदणाट सुरू झाला, की शेजारच्या वकिलांना वाटलं, तळ्यावरचा घाट उचलून इकडेच आणला.

अडचण होती ती रांगेची. समोरच्या कोपऱ्यात पितळी परात ठेवायची, एकीनं चेंडू मारायचा, परात वाजवायची आणि रांगेच्या शेवटी जायचं, इतका सोपा खेळ. पण पहिली संध्याकाळ पुढं कोणी उभं राहायचं हे ठरवण्यातच मावळली. कोणाची जाऊ थोरली, कोणाचा नवरा हुद्द्यानं मोठा, कोण कोणाच्या हळदीकुंकवाला आधी आली होती, सगळं निघालं. समोरासमोर खेळायची वेळ आली तर त्याहून कठीण. धाकटी बाई थोरलीच्या रॅकेटवर चेंडू असा अलगद ठेवी, जसा काही प्रसादच देतेय.

"सारजाबाई, समोरच्याला धावायला लावायचं असतं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"कुणाला, रंभाबाईंना?" सारजाबाईंचा हात कपाळाला गेला. "त्यांच्या मालकांकडं आमची केस चाललीया, बाई!"

रंभाबाई बायकांच्या क्लबाच्या अध्यक्षा. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या मैदानाच्या मधोमध स्थापन होत, आणि चेंडू एकेक करून त्यांच्या दर्शनाला येत. त्या आजवर एकही गेम हरल्या नव्हत्या. हा आपल्या खेळाचा गुण आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

हे सगळं गमतीचं वाटलं असतं, पण दिवाळीनंतर पुरुषांच्या क्लबाचे सेक्रेटरी सिद्धलिंगप्पा येऊन उभे राहिले. विजापूरच्या बायकांशी सामना ठरला होता. इथली एकच बाई खेळायला जाणार होती.

"एक सेट जरी जिंकलात तरी तुमचा संध्याकाळचा तास कायम," ते मिशीत हसले. "नाहीतर या जागेवर पत्ते खेळायला छप्पर घालू म्हणतो. तुम्ही सरबत करायला याच की!"

"रंभाबाई आहेत ना," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गिरिजाबाईंना छपराचे वासे दिसू लागले.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर त्या रिकाम्या मैदानावर फिरत राहिल्या. मुरमावर चेंडूंचे वळ उठले होते. बहुतेकींचे वळ कोंबड्यांनी उकरल्यासारखे चहूकडे. फक्त रंभाबाईंच्या सुनेचे, मायाक्काचे, मागच्या रेघेच्या बरोबर वीतभर बाहेर, एकावर एक, जणू शिक्का मारला होता.

गिरिजाबाई तिथंच थबकल्या. चूक विखुरते. इतकी शिस्तीत वागणारी चूक ही चूक नसते.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई पाण्यासाठी सावलीत गेल्या तेवढ्यात गिरिजाबाईंनी मायाक्काच्या हाती रॅकेट दिली. परात वाजली. पुन्हा वाजली. मायाक्का अक्कलकोटकडची, लहानपणी गोफणीनं जोंधळ्यावरची पाखरं उठवलेली.

"म्हणजे तू मुद्दाम बाहेर मारतेस," गिरिजाबाई हळूच म्हणाल्या.

"न्हाय, बाई."

"मायाक्का."

मायाक्कानं पदर सावरला. "आत्तींना हरवू, आन मग घरी कशी जाऊ? टांगा एकच हाय की आमचा."

"तुला जायचंय का विजापूरला?"

मायाक्कानं रॅकेट परत पुढं केली. पण तिची बोटं सुटायला अंमळ उशीर झाला.

गिरिजाबाईंनी हट्टानं ठरवलेला निवडीचा दिवस आला: रंभाबाई विरुद्ध मायाक्का, एक सेट. सकाळीच गिरिजाबाईंनी गुंडा माळ्याला गाठलं. जुन्या मागच्या रेघा पुसायच्या, वर मुरूम पसरायचा आणि दोन्हीकडे वीतभर मागे सरकवून नवा चुना मारायचा.

"बाई, ह्ये चूक व्हईल की," गुंडा डोकं खाजवत म्हणाला.

"चूक आधीच आहे. आपण रेघ तिच्याजवळ नेतोय."

रंभाबाईंवर यात अन्याय होण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा चेंडू त्या रेघेपर्यंत कधी पोचतच नसे.

सेट सुरू झाला. पंच गिरिजाबाई. मायाक्कानं नेहमीसारखा चेंडू मारला, तो नेहमीच्याच जागी पडला आणि चुन्याची धूळ उडाली.

"आत," गिरिजाबाई म्हणाल्या.

बायकांत कुजबुज उठली. मायाक्कानं रेघेकडे पाहिलं, मग पंचांकडे. गिरिजाबाई आभाळातली घार न्याहाळत होत्या. आणखी वीतभर लांब मारणं मायाक्काला काय जड होतं?

दुसरा चेंडू पहिल्याच्या वळावरच पडला.

"मी तर भायेरच मारतीया की, आत्ती!" मायाक्का कळवळून ओरडली, आणि तिसराही तिथंच मारला.

रंभाबाई जन्मात पहिल्यांदा धावल्या. चांगल्या धावल्या, पण सेट गेला. घाम पुसत त्या तडक मागच्या रेघेपाशी गेल्या. चपलेच्या टोकानं मुरूम खरवडला. खाली जुन्या चुन्याची फिकी पट्टी दिसली, वीतभर आत.

गिरिजाबाई पुन्हा आभाळात घार शोधू लागल्या.

रंभाबाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग रेघेवरच्या वळांकडे. बराच वेळ पाहिलं. रेघ हलवली म्हणून बोंब मारायची, तर इतके दिवस सुनेचे सगळे चेंडू नेमके त्याच वितीत का पडत होते, हेही सगळ्यांसमोर काढावं लागणार होतं. मग आपल्या न हरलेल्या गेमांचं काय?

त्यांनी चपलेनं मुरूम पुन्हा पट्टीवर ओढला.

"विजापूरला हीच जाईल," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मला न्हाय बाई तिकडचं पाणी सोसत." आणि जाता जाता गिरिजाबाईंच्या कानाशी, "रेघ जाग्यावर आना. विजापूरला तुमचा गुंडा न्हाय यायचा चुना मारायला."

दुसऱ्या संध्याकाळी रेघा जागेवर होत्या. मायाक्का रांगेत सर्वांत पुढे उभी होती. तिला तिथं कोणी ढकललं ते गिरिजाबाईंनी पाहिलं होतं. रॅकेट फिरली. चेंडू परातीच्या वीतभर पलीकडे पडला.

"मायाक्का!" सावलीतून रंभाबाई गरजल्या. "वीतभर अलीकडं! का आता परात पन सरकवायची?"

परात अशी वाजली की शेजारचे वकील खिडकीत आले.